तळ दिसणारं पाणी

माझा बा ढिवर. वैनगंगेच्या काठावर आमचं गाव, गोंडपिपरीहून एसटीनं तासाभराच्या आत. बा जाळं टाकायचा, डोंग्यातून लोकांना पल्याड न्यायचा, उन्हाळ्यात नदीच्या पात्रात डांगराची वाडी लावायचा. पण आजूबाजूची गावं त्याला ओळखत होती ती वेगळ्याच कामासाठी. कुणी बुडालं की बाला बोलावणं यायचं.

पोलीस पाटील आधी सायकलवर यायचे, पुढे मोटरसायकलवर, शेवटी शेवटी नुसता फोन. पण वाक्य तेच. "चाल गा भाऊ, एक आहे." बा हातातलं काम ठेवून उठायचा. कोण, कुठला, बाई की माणूस, काही विचारायचा नाही. कमरेला दोर बांधून पाण्यात उतरायचा आणि ज्याचं कोणी काठावर रडत असेल त्याचं माणूस वर आणून द्यायचा. कधी तासाभरात, कधी दोन दिवसांनी. मोठमोठ्या गाड्यांमधून पथकं यायची, मशीनच्या बोटी यायच्या, त्या फिरून दमल्या की कुणीतरी हळूच म्हणायचं, त्या ढिवराला बोलवा.

घरी आला की माय त्याला अंगणाबाहेरच थांबवायची. कडुनिंबाचा पाला टाकून तापवलेलं पाणी तिथेच. आंघोळ करून तो आत यायचा, पण पुढचे तीन दिवस हाताने जेवायचा नाही. तळहात उलटे करून मांडीवर ठेवायचा आणि मी, घरातली सगळ्यात लहान, त्याला भाताचे घास भरवायचे. मला तो खेळ वाटायचा. कशासाठी हे चालतं ते कुणी सांगितलं नव्हतं, मी विचारलंही नव्हतं.

एकदा मात्र विचारलं होतं की खाली पाण्यात काय असतं.

"काई दिसत नाई तिथी," तो म्हणाला. "गाळ असते. हातानंच पाहावं लागते. पहिले कापड लागते हाताले. पाण्यात कापड हालत राह्यते, गवतावानी. मंग केस."

माय ओरडली तेव्हा तो गप्प झाला.

माझ्याहून चार वर्षांनी मोठी एक बहीण होती. बा तिला मोठी म्हणायचा आणि मला लहानी. मोठी एकोणीस वर्षांची असताना, धानाच्या रोवण्याच्या दिवसांत, पल्याडच्या शेतात रोवायला चार बाया डोंग्यातून निघाल्या. त्यात ती होती. डोंगा बाचा नव्हता, दुसऱ्याचा होता. बा त्या दिवशी तापानं पडला होता. वर कुठेतरी पाऊस झाला होता आणि नदीला लाल पाणी आलं होतं. मधल्या धारेत डोंगा आडवा झाला. चालवणारा पोहून निघाला. बाया चिखलात रोवायला निघाल्या होत्या, लुगडी घट्ट खोचलेली, पोहता येत असतं तरी उपयोग झाला नसता.

बा ताप अंगात घेऊनच पाण्यात उतरला. पहिल्या दिवशी एक बाई मिळाली, दुसऱ्या दिवशी दोन. मोठी मिळाली नाही. बा अकरा दिवस शोधत होता. रोज सकाळी जायचा, अंधार पडायच्या आत पोलीस पाटील त्याला ओढून बाहेर काढायचे. माय काठावर उभी असायची. ती बसायची नाही. बाराव्या दिवशी बा अंथरुणावर पडला आणि महिनाभर उठला नाही.

माय त्याला एकच वाक्य बोलली. माझ्यासमोर बोलली म्हणून मला माहीत आहे. "लोकाइच्या लेकी काढून देल्या. माही नाई सापडली तुले."

त्यानंतर ते दोघं एका घरात अकरा वर्षं राहिले.

मायनं मोठीची तेरवी होऊ दिली नाही. प्रेत नाही तर तेरवी कशाची, असं ती म्हणायची. तिच्या मनानं घेतलं होतं की पोरगी खाली कुठेतरी काठाला लागली असेल, डोक्याला मार लागून नाव-गाव विसरली असेल, कुणाच्या तरी घरी कामाला असेल. आमची नदी पुढे वर्धेला मिळते, तिची प्राणहिता होते, ती सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते. तिकडून कुणी आलं, ट्रकवाला, मिरची तोडून परतलेल्या बाया, कुणीही, की माय त्यांना पाणी द्यायची आणि विचारायची. एकदा कुणीतरी सांगितलं की सिरोंच्याकडे एक मुकी बाई आहे, कुठून आली कुणाला ठाऊक नाही. माय त्याच दिवशी निघाली. बा तिच्यासोबत गेला. दोन दिवसांनी परत आले. ती बाई पन्नाशीची होती, तेलुगू बोलणारी, आणि मुकीही नव्हती. माय घरात आली, लुगडं बदललं आणि चुलीपुढे बसली. बा मात्र बाहेरच बसून राहिला.

बानं बुडालेले काढायचं काम सोडलं नाही. उलट पुढे तो जास्तच जाऊ लागला, बोलावलं नाही तरी ऐकून जायचा. नदीतून रेती काढून काढून मोठे खड्डे झाले होते, वरून पाणी सपाट दिसायचं, गुडघाभर पाण्यात चालणारा माणूस एका पावलात नाहीसा व्हायचा. कामाची कमी नव्हती. माय गेली. मी नर्सिंग केलं, नोकरीला लागले. लग्न केलं नाही, त्याची कारणं इथे नकोत. एका उन्हाळ्यात बा वर आला तेव्हा त्याच्या डाव्या कानातून रक्त आलं. पडदा फाटला होता. उजव्याचा आधीच अर्धा गेलेला. डॉक्टरांनी पाणी बंद सांगितलं आणि मी त्याला माझ्या क्वार्टरवर घेऊन आले.

क्वार्टर हमरस्त्याला लागून. सूरजागडच्या लोखंडाच्या खाणीचे ट्रक दिवसभर जातात, खिडकीच्या गजांवर लाल धूळ बसते. बाला ट्रकांचा आवाज जेमतेम यायचा, पण जमीन हादरलेली पायांना कळायची. तो दारात खुर्ची टाकून बसायचा. हाताला काम नाही म्हणून एकच जाळं विणायचा, उसवायचा, पुन्हा विणायचा. अडुसष्ट वर्षांचा माणूस, आणि त्याच्याकडे पाहिलं की वाटायचं कुणीतरी त्याला इथे विसरून गेलं आहे.

आमच्या दवाखान्यातल्या एका डॉक्टरीणबाई सुटीत कोकणात जाऊन आल्या. त्यांनी मोबाईलवर मला व्हिडिओ दाखवला. दोन डोंगरांमधून समुद्र आत शिरलेला, आडबाजूचं गाव, कोळ्यांची घरं. हॉटेल नाही. गावच सगळं चालवतं, घरात राहायचं, घरचं जेवायचं, त्यांच्याच होडीतून जाऊन तोंडाला नळी लावून पाण्यातलं बघायचं. बा बाजूला उभा होता. त्यानं मोबाईल हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला. पाण्याखाली पिवळे मासे होते, दगड होते, ऊन होतं.

"हे पाण्याच्या खालतं आहे?" त्यानं विचारलं.

"हो."

"इथी दिसते?"

"दिसते, बा. समुद्राचं पाणी साफ असते तिथलं."

त्यानं मोबाईल परत दिला. आठ दिवसांनी, भात वाढून घेताना, मधेच म्हणाला, "पाण्यात दिसते म्हणजे कमालच आहे."

मी ठरवलं. त्याला न्यायचं.

नागपूरहून मडगावला जाणाऱ्या गाडीत बसलो. बाची ही पहिली इतकी लांबची गाडी. तो रात्रभर खिडकीशी बसून राहिला. कुडाळला उतरलो, तिथून एसटी, मग रिक्षा, मग रिक्षा जात नाही म्हणून पायी उतार. आमच्या घरमालकीणबाई पन्नाशीच्या, उंच, पदर कमरेला खोचलेल्या. गावाच्या पर्यटनाच्या मंडळाच्या त्या अध्यक्षही होत्या, हे नंतर कळलं. पडवीत बसवून त्यांनी विचारलं, "खंयसून इलास?"

"चंद्रपूर जिल्हा," मी म्हणाले. त्यांना कळलं नाही. "वाघाचं जंगल आहे ना, ताडोबा, तिकडे." मग कळलं.

बाचं आणि त्यांचं पहिल्याच संध्याकाळी जमलं. दोघांची भाषा दोघांना अर्धी कळत होती आणि बाला ऐकूही कमी यायचं, तरी जमलं. बानं त्यांच्या जाळ्याची गाठ हातात घेऊन पाहिली, आमच्याकडे कशी मारतात ते करून दाखवलं. जेवताना नारळ घातलेली आमटी, नारळ घातलेली भाजी, नारळाचीच कढी पाहून मला हळूच म्हणाला, "इथी नारळाशिवाय काईच नाई का वं?" मी हसले. फार दिवसांनी हसले असेन.

त्यानं बाईंना विचारलं, "लोकायले मासे दाखवून पोट भरता?"

त्या हसल्या नाहीत. "धरूक गावणत नाय, म्हणान दाखवतंव," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. मोठ्या यांत्रिक बोटी रात्रीत किनाऱ्याजवळून सगळं उपसून नेतात. गावातली निम्मी पोरं मुंबई-गोव्याला गेली. राहिलेल्यांनी मिळून हे सुरू केलं. पाळीपाळीनं प्रत्येक घरात पाहुणे, पाळीपाळीनं होड्या. पाण्याखालची प्रवाळंही गेल्या काही उन्हाळ्यांत पांढरी पडायला लागली आहेत, हेही त्यांनीच सांगितलं. "दाखवूक तरी किती वर्सां रवतला, देव जाणे."

दुसऱ्या दिवशी सकाळी होडीत बसायच्या आधी एक फॉर्म भरायचा होता. आम्हाला नेणारा गाईड तिशीतला, शांत स्वभावाचा. त्याच गावचा, पाण्यात उतरायचं रीतसर शिक्षण घेतलेला. फॉर्मवर प्रश्न होते. दमा आहे का, हृदयाचा त्रास आहे का, कानाचा काही आजार, पडदा फाटलेला.

मी नर्स आहे. फाटलेल्या पडद्यातून थंड पाणी आत गेलं तर माणसाला चक्कर येते, वर कुठे आणि खाली कुठे ते कळत नाही, हे मी दुसऱ्यांना सांगत आले आहे. मी बाच्याकडे पाहिलं. तो होडीच्या काठाला धरून उभा होता आणि आत वाकून पाण्यात बघत होता. मी 'नाही'वर खूण केली. कापसाला व्हॅसलीन लावून त्याच्या दोन्ही कानांत घट्ट बसवलं, वरून टोपी घातली. म्हटलं, नुसतं तोंड तर बुडवायचं आहे. डोकं वरच राहील.

होडी डोंगराच्या सावलीत थांबली. पाणी पुरुषभर-दोन पुरुष खोल असेल. गाईडनं बाला चष्मा लावला, नळी तोंडात दिली, कमरेला फुगवलेली रिंग दिली. बा पाण्यात उतरला तो जसा आयुष्यभर उतरत आला तसाच, आवाज न करता. त्यानं तोंड बुडवलं. मी त्याच्या शेजारीच होते, एका हातानं रिंग धरून. गाईडही तोंड बुडवून त्याच्यासमोर होता. थोड्या वेळानं गाईडनं डोकं वर काढलं आणि बाच्या खांद्यावर थोपटलं.

"आजोबा, डोळे उघडा."

बानं तोंड वर काढलं, पण त्याला ऐकू गेलं नाही. मी जवळ जाऊन ओरडले, "बा, डोळे उघड."

चष्म्याच्या आत त्याचे डोळे गच्च मिटलेले होते. सवय. इतकी वर्षं गाळाच्या पाण्यात गेलेला माणूस, त्याला पाण्यात डोळे उघडायचे असतात हे माहीतच नव्हतं. पंचेचाळीस वर्षांची होऊन मला ते तेव्हा कळलं. त्यानं सांगितलंच होतं की हातानं पाहावं लागतं. मी ते शब्द नुसते ऐकले होते.

त्यानं पुन्हा तोंड बुडवलं. या वेळी उघडले असावेत, कारण त्याचं सगळं अंग एकदम ताठ झालं आणि मग सैल पडलं. मीही पाण्यात पाहिलं. खाली दगड होते, काही पिवळट, काही हाडासारखे पांढरे. लहान निळे मासे दगडांच्या फटींतून ये-जा करत होते. ऊन तळापर्यंत पोचून हालत होतं. खाली काहीही लपलेलं नव्हतं. बा बराच वेळ तसाच होता. मला वाटलं, चला, एवढं तरी मी त्याला दिलं.

मग त्यानं रिंग काढली.

मला कळायच्या आत नळी तोंडातून सुटली आणि तो खाली गेला. म्हातारा माणूस, पण पाण्यात त्याचं वय उरत नव्हतं. सरळ तळाला. मी तोंड बुडवून पाहिलं. तो तळावर हात फिरवत होता. दोन्ही हात, पसरून, अर्धगोलात, दगडांवरून, दगडांच्या खाली, वाळूवरून. दिसत असतानाही, आंधळ्यानं चाचपावं तसा. एका दगडाखाली त्यानं खांद्यापर्यंत हात घातला. आणि तेव्हा त्याचं अंग वाकडं झालं. तो वर यायला निघाला तो वर नाही, बाजूला. हातपाय मारत होता, पण चुकीच्या दिशेनं, डोंगराच्या कड्याकडे, खाली.

गाईड केव्हा गेला मी पाहिलं नाही. त्यानं बाच्या काखेत हात घालून त्याला वर आणलं. होडीत घातलं. बा उलटी करत होता, जग फिरत असल्यासारखा फळी घट्ट धरून होता. कापूस निघून गेला होता आणि डाव्या कानातून पातळ रक्त मानेवर उतरत होतं.

गाईडनं कान पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "ताई, फॉर्मवर खोटं लिहिलंत?"

मी 'हो' म्हणाले.

"एक माणूस गेला असता तर आमचं सगळं बंद झालं असतं. माझं एकट्याचं नाही. गावाचं." तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

जवळच्या मोठ्या गावातल्या डॉक्टरांनी कान साफ केला, औषधं दिली, झोपून राहायला सांगितलं. दुपारी परत आलो. बाईंनी बाला पडवीत चटईवर निजवलं, उशाशी पेज ठेवली. मग मला मागच्या दारी बोलावलं. त्यांनी तांदूळ निवडायला घेतले होते, ते निवडतच बोलल्या.

"ह्या पाण्यार आमची सगळी घरां जगतत. तुमच्या बापाशीक काय झाला असता, तर आमी खंय जाणार होतंव?"

मी त्यांची माफी मागितली. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, माझ्या दंडाला हात लावला आणि म्हणाल्या, "जा, बापाशीकडे बस."

मी जाऊन बसले. ऊन कलायला लागलं होतं. बा जागा होता, छताकडे बघत. कानात औषध आणि कापूस असल्यानं त्याला काहीच ऐकू येत नव्हतं, आणि कदाचित म्हणूनच तो बोलला. ऐकू न येणारी माणसं जरा मोठ्यानं बोलतात, तसा बोलला.

"इथी दिसते. आपल्या नदीत असं दिसत असतं तं मी हात सोडला नसता."

मला वाटलं त्याला ताप चढतो आहे. मी कपाळाला हात लावला. थंड होतं.

"मोठी सापडली होती मले," तो म्हणाला. "चौथ्या दिवशी."

मी त्याच्या कपाळावरचा हात काढून घेतला.

"रेतीचा खड्डा होता. त्यात झाड पडलेलं, मुळासकट. मुळात अडकली होती. पहिले लुगडं लागलं. मंग हात लागला. करंगळी वाकडी. लहानपणी दारात चेंगरली होती ना तिची, ते. मले मालूम झालं. दुसऱ्याचं असतं तं दोर बांधून ओढलं असतं. ओढलं नाई गेलं माह्यानं. चार दिवसाचं माणूस कसं असते, मले मालूम आहे. म्हटलं, वरते जाऊन दम घेतो, मंग आणतो. वरते आलो. तुही माय काठावर उभी होती. तिनं इचारलं. तोंडानं नाई इचारलं, हात असा केला."

त्यानं हवेत हात करून दाखवला. तळहात वर, बोटं थोडी उघडी.

"मी मुंडी हालवली. नाई म्हणून."

बाहेर कुणीतरी होडी ओढत होतं, वाळूवर लाकूड घासल्याचा आवाज येत होता. बाला तो येत नव्हता.

"एकदा नाई म्हटलं. मंग कसं जाऊ परत? तरी ठरवलं, सकाळी जातो, आताच सापडली असं सांगतो. रात्री पूर आला. सकाळी ते झाडही नव्हतं तिथी. मंग शोधलं. ते सात दिवस खरंच शोधलं, लहानी."

मी त्याच्या उजव्या कानाशी वाकून, सगळ्या पडवीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं विचारलं, "तू मायसोबत सिरोंच्याले गेला होता."

त्याला ते ऐकू आलं. "हो."

"मालूम असून?"

"हो."

"दोन दिवस तिच्यासोबत एसटीत बसून?"

त्यानं डोळे मिटले. मी उठून पाण्यापर्यंत चालत गेले. मला त्याचा राग आला होता की मायची कीव, की अकरा वर्षं दारावरच्या प्रत्येक अनोळखी माणसाला पाणी देणाऱ्या त्या बाईनं काय काय मनात धरलं असेल त्याची भीती, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं. आजही नीट सांगता येत नाही. एवढं आठवतं की मी मनात त्याला म्हणत होते, मेला असतास आज तर हे घेऊन मेला असतास, आणि लगेच दुसरं वाटत होतं की मीच त्याला तिथे उतरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी निघालो. बाईंनी बाच्या पिशवीत सुके बोंबील बांधून दिले. गाईड होडीपाशी उभा होता, तो आला नाही, पण त्यानं लांबून हात वर केला. गाडीत मी चार-चार तासांनी बाच्या कानात थेंब घातले, गोळ्या दिल्या, चहा घेऊन दिला. सगळं एका नर्सनं करावं तसं. एक शब्द बोलले नाही. त्याला तसंही ऐकू येत नव्हतं, पण न बोलणं त्याला कळत होतं. वर्धा गेल्यावर त्यानं माझ्याकडे न बघता म्हटलं, "तुह्या मायले सांगतलं असतं तं ती मेली असती तेव्हाच." मी म्हणाले, "ती तशीही मेलीच." त्यानं ऐकलं की नाही माहीत नाही. मी दुसऱ्यांदा सांगितलं नाही.

दोन महिने असेच गेले. डावा कान कायमचा गेला, उजव्यात थोडं उरलं. मी ड्यूटीवर जायचे, यायचे, त्याला वाढायचे. एका रविवारी मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि म्हणाले, "जागा दाखव."

त्यानं लगेच चप्पल घातली. जणू रोज वाटच बघत होता.

हिवाळ्याचे दिवस, नदी उतरलेली. एसटीनं गावी उतरून आम्ही काठाकाठानं गावाच्या खालच्या अंगाला चालत गेलो. बा पुढे, मी मागे. एका जागी तो थांबला, पाण्याकडे बघितलं, पुन्हा थोडा पुढे गेला, पुन्हा मागे आला. तीस वर्षांत धार सरकली होती. काठ खचला होता. रेती काढून तिथे आता नुसते दगड उघडे पडले होते, मधे मधे हिरव्या पाण्याची डबकी. तो एका डबक्यापाशी गेला, मग दुसऱ्यापाशी. शेवटी हात खाली सोडून उभा राहिला.

"इथी होतं का?" मी विचारलं.

"इथीच असन," तो म्हणाला. मग पुन्हा आजूबाजूला बघून, "मले नाई समजत आता."

तो रडला. मी त्याला कधी रडताना पाहिलं नव्हतं, मोठीच्या वेळीही नाही, मायच्या वेळीही नाही. मी त्याच्या जवळ गेले नाही. दूरही गेले नाही. तो थांबला तेव्हा मी म्हणाले, "बा, आपण तिची तेरवी करू."

त्याला वाटलं त्यानं चुकीचं ऐकलं. मी कानाशी जाऊन पुन्हा सांगितलं.

चौथ्या दिवशी केली. गावातली चार घरं बोलावली. काय कारण, तीस वर्षांनी का, प्रेत सापडलं का, लोकांनी विचारलं. मी म्हणाले, मायच्या हयातीत झाली नव्हती, आता करतो आहोत. तेवढंच सांगितलं. बाकीचं मी कुणाला सांगितलं नाही, आणि बाला सांगायला लावलंही नाही. मी त्याला माफ केलं म्हणून नव्हे. मोठीला कुणीतरी एकदा गेलेली म्हणायला हवं होतं, म्हणून.

बा नदीकाठी दगडावर बसला. न्हावी नवा होता, नागभीडकडून आमच्या गावात आलेला. त्यानं बाच्या डोक्यावर पाणी चोळलं आणि रीतीनं विचारलं, "कोण गेलं, भाऊ?"

"माही पोरगी," बा मोठ्यानं म्हणाला. "मोठी."

"कधी?"

ते बाला ऐकू गेलं नाही. तो नदीकडे बघत होता. मी म्हणाले, "तीस वर्सं झाले."

वस्तरा एक क्षण थांबला. मग न्हाव्यानं बाची मान हलकेच पुढे वाकवली आणि मागचे केस काढायला घेतले.